वॉकिंग फूट लावून वाकळीवर गोलाई: घरच्या मशीनवर कितपत जमतं?

शहापूरची_सुई
नमस्कार मंडळी. आतापर्यंत इथं नुसतं वाचतच होते, आता विचारायचंच आहे म्हणून धागा काढला. माझ्याकडे घरगुती उषा जनोम आहे, झिगझॅगवाली, तिला वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेणारा जाडा फूट) ऑनलाईन मागवून बसवलाय. सरळ रेघा आणि चौकटी एकदम झकास येतात, तिन्ही थर बरोबर पुढे जातात, पूर्वी शेवटाला वरचं कापड साठून जी घडी यायची ती बंदच झाली.

आता भाचीच्या बाळासाठी वाकळ करतेय. वर आईची खासबागची जुनी सुती साडी, मध्ये मध्ये इचलकरंजीच्या पॉपलीनचे तुकडे, आत फायबर शीट, खाली मांजरपाट. साधारण छत्तीस बाय चव्वेचाळीस इंच. हिच्यावर मला चौकटी नको आहेत, लाटा आणि कमानी हव्यात, आणि जमलं तर मधोमध एक चक्री, म्हणजे मधून सुरू होऊन फेरे घेत बाहेर जाणारी रेघ. नमुन्याच्या तुकड्यावर मारून बघितलं तर दोन लाटांमधलं कापड तिरपं ओढल्यासारखं दिसतं आणि बारीक चुण्या येतात, वाटीएवढा गोल केला तर तो गोल कमी आणि अष्टकोन जास्त दिसतो. शिवाय मशीन त्या गोलात कुरकुर करतंय.

तर वॉकिंग फूटनं गोलाई करतात का मुळात? की ते फक्त सरळ रेघांसाठीच असतं? फ्री मोशन (दाते खाली पाडून कापड हातानंच फिरवत शिवणं) शिका असं कृपया सांगू नका, ते मला करायचं नाहीये, ज्याला त्याला ज्याची त्याची हौस.

कागलचा_कात्रीवाला
फ्री मोशन शिका 😀

शहापूरची_सुई
माहीत होतं मला कोणीतरी येणार!

मशीनमामा_खानापूर
ताई, करता येतं. पण त्या फूटला काय जमतं आणि काय नाही ते आधी समजून घ्या म्हणजे मशीनवर राग काढावा लागणार नाही. माझ्याकडं दुरुस्तीला मशीन येतात त्यातल्या निम्म्या बायका म्हणतात वॉकिंग फूट खराब निघाला, आणि बघतोय तर फूटला काहीच झालेलं नसतंय.

साधा फूट लावला की खाली मशीनचे दाते असतात आणि वर फूटची नुसती गुळगुळीत पट्टी. खालचं कापड दाते ओढून नेतात, वरचं मागं रेंगाळतं. वॉकिंग फूटला वरूनही दाते आहेत. त्याला बाजूला एक दांडी आहे, तिचं दुभंगलेलं टोक सुईच्या स्क्रूवर बसतं, सुई खालीवर होते तशी दांडी खालीवर होते. सुई कापडात शिरली की फूटचा तळ कापड दाबून धरतो, सुई वर आली की वरचे दाते टेकतात आणि खालच्या दात्यांबरोबर कापड मागं नेतात. एवढंच. आता यात तुमच्या लक्षात आलं असेल, हा फूट कापड फक्त पुढून मागं नेतो, सरळ. डावीउजवीकडं त्याला जाताच येत नाही. तुम्ही लाट काढताना कापड बाजूला *सरकवता*, तिथं वरचे दाते एकीकडं आणि तुमचा हात दुसरीकडं, मग चुण्या येणारच आणि सुईपण वाकून प्लेटला घासणार, तुमची कुरकुर ती हीच असणार.

कापड सरकवायचं नाही, वळवायचं. सुईच्या पुढं दोन्ही तळहात पसरून ठेवा आणि अख्खा तुकडा थोडा थोडा फिरवत राहा, रेघ स्वतःहून सुईखाली आली पाहिजे. नजर सुईवर ठेवू नका, सुईच्या इंचभर पुढं ठेवा.

आणि आधी हे तपासा: दांडीचं टोक खरंच स्क्रूच्या *वर* बसलंय का? खाली अडकलं असेल तर वरचे दाते हालतच नाहीत आणि तुम्ही एक महागडा जाडा साधा फूट वापरताय.

शहापूरची_सुई
मामा, दांडी वरच आहे, आत्ता उठून बघून आले. पण सरकवत होते हे अगदी खरं. वळवणं म्हणजे अख्खी वाकळ वळवायची का? एवढी मोठी?

निपाणीची_अक्का
अख्खी वळवायला लागती, म्हणून तर गोल मोठा घ्यायचा! मी काय करतो बघ बाई, जेवायचं ताट घेतो. दहा-अकरा इंचाचं ताट पालथं घालायचं, त्याची पाव कड नाहीतर निम्मी कड खडूनं आखायची. वाटी, पेला, स्टीलचा डबा असलं काय घेऊ नको. जेवढा गोल लहान तेवढं कापड जास्त फिरवायला लागतंय आणि तेवढे टाके कोपरे दाखवतात. ताटाच्या कडेवर मशीन अशी चालती की काय विचारू नको, जरा जरा वळवत गेलं की झालं. आमची सासूबाई हातानं वाकळ घालायची तेव्हापण तिनं लहान गोल कधी काढला नाही.

टाका किती ठेवतेस तू? मी सरळ रेघेला तीन ठेवतो, वळणाला अडीच करतो. त्याच्याखाली नेलं तर उसवायला लागलं की डोळे जातात.

टिळकवाडी_टाके
अक्कांचं बरोबर आहे. मिलिमीटरमध्ये तीन म्हणजे इंचाला आठ-नऊ टाके होतात, अडीचला दहा. लांब टाका वळणावर सरळ जीवा मारतो म्हणून तुम्हाला अष्टकोन दिसला. फार घट्ट वळण असेल तर दोनवर आणा, पण मग सगळ्या वाकळीला तो बारीक टाका चालवू नका, वाकळ कडक होते, पुठ्ठ्यासारखी लागते अंगाला.

माझा एक मुद्दा आहे. तुम्ही लाटा कुठून कुठे मारल्या? एक लाट डावीकडून उजवीकडे, परत येताना पुढची लाट उजवीकडून डावीकडे असं केलंत का?

शहापूरची_सुई
हो, दोरा वाचवायला. कडेला वळून परत.

टिळकवाडी_टाके
तीच ती तिरपी ओढ. वॉकिंग फूट कितीही चांगला असला तरी वरचा थर किंचित पुढे ढकलला जातोच, एका रेघेत इकडे आणि शेजारच्या रेघेत तिकडे ढकलला की मधलं कापड पिळलं जातं. सगळ्या लाटा एकाच कडेकडून सुरू करा. दोरा जाऊ दे थोडा. आणि एका कडेकडून भरत भरत येऊ नका. आधी बरोबर मधली एक लाट मारा, मग तिच्या दोन्ही बाजूंना साताठ इंचावर एकेक अशा मोकळ्या मोकळ्या लाटा मारून अख्खी वाकळ बांधून घ्या, थर जागच्या जागी बसले की मग मधल्या जागा भरा. भरताना कितीही दाट करा, काही सरकत नाही.

मशीनमामा_खानापूर
यात भर. मशीनच्या डोक्यावर डावीकडं फूटचा दाब कमीजास्त करायची चकती असते काही मॉडेलना, असेल तर दाब एक घर कमी करा. तीन थर फायबरसकट म्हणजे जाड झालं, दाब जास्त असला की फूट वरच्या कापडाला नांगरत जातो. चकती नसेल तर फायबर पातळ घ्या. शंभर ते दीडशे जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) पुरे, दुकानदार जाडजूड दाखवून "हे घ्या, उबदार" म्हणतो, पण जाड फायबरवर गोलाई बसत नाही. आणि सुई चौदा नंबर, साडीचे चार-पाच थर असले तर सोळा.

कागलचा_कात्रीवाला
चेष्टा बाजूला ठेवून बोलतो. एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा दाते खाली पाडून डार्निंग (रफूचा) फूट लावला तर कापड कुठंही फिरवता येतं, ना वळवायचं ना काही. वॉकिंग फूटनं गोलाई म्हणजे बैलगाडी अंगणात वळवल्यासारखं झालं. पंधरा दिवस सराव केला की हात बसतो.

निपाणीची_अक्का
हात बसतो तुझा. माझ्या मनगटात आता तेवढा दम नाही. फ्री मोशनमध्ये टाका किती लांब पडणार हे तुझ्या हाताच्या आणि पायाच्या वेगावर, एक बारीक एक लांब, वर सुंदर दिसतंय आणि खाली बघितलं तर दोऱ्याचे डोळे. हिच्यात टाका मशीन मोजते, आपण फक्त दिशा द्यायची. बाळाची वाकळ आहे, दर आठवड्याला धुवायला पडणार, टाका एकसारखा पाहिजे.

टिळकवाडी_टाके
दोघंही बरोबर आहात. पानंफुलं, पिसं, नाव लिहिणं, हे वॉकिंग फूटनं करायला जाऊ नये, ते फ्री मोशनचंच काम. पण रुंद लाटा, कमानी, ताटाची गोलाई, चक्री यासाठी वॉकिंग फूट मला जास्त आवडतो. नक्षी फूटला झेपेल अशी निवडली की भांडण मिटतं. आणि बैलगाडी अंगणात वळते की, अंगण मोठं पाहिजे एवढंच!

हल्याळचं_रान
मी शिवत नाही, पण वाचतोय. आमच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजातल्या बायका कौदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात ती बघितलीय का कोणी? खाली एखादी जुनी साडी पसरतात, आत फायबर वगैरे काही नाही, एका कोपऱ्यापासून सुरू करतात आणि जुन्या कपड्यांचे तुकडे कडा दुमडून ठेवत ठेवत, हातानं धावदोरा घालत, कडेकडेनं फिरत आत आत जातात आणि मध्यात संपवतात. चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं, ती नसली तर त्यांच्या लेखी कौदी पुरी होत नाही. माझा प्रश्न असा की त्या बाहेरून आत येतात आणि तुम्ही सगळ्या मधून बाहेर सांगताय, त्यांच्या कौदीला चुण्या का पडत नाहीत मग?

टिळकवाडी_टाके
किती छान प्रश्न. त्यांचा वरचा थर आधी तयार नसतोच ना. तुकडा ठेवला, हातानं सपाट केला, कड दुमडली, टाचला, मग पुढचा तुकडा. जास्तीचं कापड असेल तर पुढच्या तुकड्याच्या घडीत तिथल्या तिथं जिरतं. आपण वरचा पूर्ण थर आधी जोडून मग तीन थर एकत्र मशीनखाली घालतो, बाहेरून आत आलं तर सगळं जास्तीचं कापड मध्यात कोंडतं आणि त्याला पळायला वाट नाही. म्हणून मशीनवर मधून बाहेर, म्हणजे जे काही सरकेल ते कडेनं निघून जाईल.

पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे, कोपऱ्यात त्यांची रेघ कधीकधी काटकोनात न वळता थोडी गोल होत वळते, आणि अशा गोल कोपऱ्यांच्या चौकटी एकात एक वॉकिंग फूटला फार सोप्या जातात. ज्यांना लाटांची भीती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी.

चिकोडीची_सूनबाई
माझ्याकडे पायानं चालवायची काळी मशीन आहे सासरची, झिगझॅग नाही. तिला वॉकिंग फूट बसेल का? आमच्याकडे पाऊस पडालाय आणि लाईट कधी जाईल भरवसा नाही म्हणून मोटारीची मशीन घ्यायचं धाडस होत नाही.

मशीनमामा_खानापूर
बसतो बहुतेक. फूट खाली सोडून फूटच्या स्क्रूपासून खालच्या प्लेटपर्यंत मोजा, अर्धा ते पाऊण इंच आलं तर लो शँक (फूट बसतो ती दांडी आखूड), काळ्या घरगुती मशीन सहसा याच. इंचाच्या वर आलं तर हाय शँक, त्याचा फूट वेगळा. दुसरं म्हणजे सुई चढवायचा स्क्रू बघा, त्याच्यावर दांडीचं टोक बसायला जागा पाहिजे, काही जुन्या मशीनला तो स्क्रू आखूड असतो किंवा भलत्या बाजूला तोंड करून असतो. फूट घेताना दुकानात मशीनचा फोटो घेऊन जा, नुसतं "काळी मशीन" सांगू नका.

आणि खरं सांगतो, गोलाईला पायाची मशीन वाईट नाही. हळू चालते ना. वॉकिंग फूट जोरात पळवायची वस्तूच नव्हे, खडखड करतो, टाके चुकवतो. पायानं एकेक टाका टाकता येतो आणि चाकाला हात लावून सुई कापडातच थांबवता येते, वळवताना तेच पाहिजे. लाटेत थांबायचं झालं तर सुई खालीच ठेवून थांबा, वर ठेवून थांबलात तर परत सुरू करताना रेघेत खाच दिसते.

चिकोडीची_सूनबाई
धन्यवाद मामा. स्क्रू उजवीकडे आहे आणि बऱ्यापैकी बाहेर आलाय. पगार झाला की घेते.

शहापूरची_सुई
मंडळी, नवा नमुना केला. सगळ्या लाटा एका बाजूनं, मधली आधी, ताटाची कड आखून, टाका अडीच, आणि सरकवायचं नाही वळवायचं. चुण्या गेल्या! एक-दोन ठिकाणी अजून आहेत पण त्या पिना लांब लांब लावल्यामुळे असाव्यात. आखण्याचा वेगळाच ताप झाला, पॉपलीनवर खडू दिसतो पण जुन्या साडीवर खडू ओढला की कापडच खडूबरोबर येतं, रेघ वाकडी होते.

टिळकवाडी_टाके
पिना एकमेकींपासून तळहाताच्या रुंदीवर पाहिजेत, तळहात कुठंही ठेवला तरी खाली एक पिन लागली पाहिजे असा माझा हिशोब. सेफ्टी पिना, टाचण्या नाही, टाचण्या वळवताना मनगटाला लागतात. ज्या पट्ट्यात शिवताय तिथल्या पिना शिवता शिवता काढत जा, पिनेवरून वॉकिंग फूट गेला तर दात्यात अडकते.

जुन्या साडीला आधी खळ लावून इस्त्री करा, कापड ताठ झालं की आखता येतं, शिवतानाही ताणलं जात नाही. जुनी सुती साडी तिरपी ओढली तर किती ताणते बघा, आणि लाट म्हणजे निम्मं तिरपं कापडच. फक्त पावसाळ्यात खळ लावून कापड तसंच घडी घालून ठेवू नका, बुरसतं, आपल्या बेळगावच्या हवेत तर चार दिवसांत वास येतो. लावली की शिवा आणि वाकळ झाली की धुऊन टाका.

निपाणीची_अक्का
साडीचे काठ लाल असतील तर आधी पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघ. रंग आला तर काठ काढून ठेव. बाळाच्या वाकळीचा मांजरपाट गुलाबी झाला की मग ऐकून घ्यायला लागतंय सगळ्यांचं.

गणेशपूरचा_पेन
आखायला मी फ्रिक्शन पेन वापरतो, इस्त्री फिरवली की रेघ गायब. साठ अंशाच्या आसपास शाई जाते.

टिळकवाडी_टाके
गायब होते, जात नाही. गोठण्याच्या खाली, उणे दहा-वीसला गेलं की ती शाई परत दिसू लागते. बेळगावच्या थंडीत तेवढं होणार नाही हे मान्य, पण गडद कापडावर कधीकधी पांढुरका माग राहतो, तुकड्यावर बघूनच वापरा. पाण्यानं जाणारा निळा मार्कर असेल तर उलट आहे, त्याच्यावर इस्त्री अजिबात फिरवायची नाही, रेघ पक्की बसते. एकाला इस्त्री, दुसऱ्याला पाणी, यात गल्लत नको.

हल्याळचं_रान
खडूशाईचा माग न राहणारा असा काहीच मार्ग नाही का, म्हणजे आखायचंच नाही?

निपाणीची_अक्का
आहे की. पहिली लाट आखायची, बाकीच्या तिच्या मागं मागं. फूटची कड आधीच्या टाक्याला लावून चालायचं.

टिळकवाडी_टाके
आणि बोथट सुरीच्या पाठीनं किंवा लाकडी चमच्याच्या कडेनं कापडावर दाबून ओढलं तर दाबाची रेघ दिसते, खडूही नको शाईही नको. खळ लावलेल्या कापडावर जास्त चांगली उमटते. रात्री ट्यूबलाईटखाली मात्र दिसत नाही, दिवसाउजेडी खिडकीपाशी बसूनच करावं.

शहापूरची_सुई
आता चक्रीचं सांगा. मधोमध चक्री करून तिथून बाहेर लाटा काढायचा विचार आहे.

टिळकवाडी_टाके
चक्री जमते पण मधला पहिला दोन-तीन इंच हा खरा छळ. तिथं सुरुवातीचे तीन-चार फेरे आखून घ्या, टाका दीड-दोनवर आणा आणि दर दोन टाक्यांना सुई खाली, फूट वर, कापड जरा फिरवा, फूट खाली, असंच करायचं. इथं घाई करून काही मिळत नाही. फेरा मोठा झाला की टाका हळूहळू वाढवत अडीच-तीनवर न्या आणि मग फूटच्या मागच्या भोकात बसणारी सळी लावा, तिचं टोक आधीच्या फेऱ्यावर ठेवून चाललं की अंतर एकसारखं येतं.

आता महत्त्वाचं. चक्रीचा मध्य तुमच्या *डाव्या* हाताला ठेवून फिरा, उजव्या नाही. मध्य डावीकडे असला की मशीनच्या पोटात (सुईच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत) वाकळीचा बाहेरचा भाग जातो आणि तो दर फेऱ्याला कमी कमी होत जातो. मध्य उजवीकडे ठेवलात तर शिवून झालेला सगळा गठ्ठा दर फेऱ्याला आत कोंबायचा. घरगुती मशीनचं पोट साडेसहा इंचाच्या आसपास, त्यात जाड वाकळ गुंडाळून घालायची म्हणजे कल्पना करा.

कागलचा_कात्रीवाला
हे मला माहीत नव्हतं. मान गये.

मशीनमामा_खानापूर
छत्तीस बाय चव्वेचाळीसला मधोमध चक्री चालेल. डबल बेडच्या वाकळीला मधोमध चक्री काढायला जाऊ नका, मशीनपण थकते आणि माणूसपण. त्याऐवजी चक्रीचा मध्य कोपऱ्यात घ्या. म्हणजे पुरा गोल नाहीच, एका कडेनं शिरायचं, मोठी कमान मारायची, दुसऱ्या कडेनं बाहेर. परत एका कडेनं शिरायचं. गोल गोल फिरवायचं कामच राहत नाही, दोरापण कडेला तुटतो, मध्ये गाठ मारायला नको. दिसायला डोंगराआडून सूर्य उगवल्यासारखी नक्षी येते.

वाकळीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका हं. डाव्या बाजूला एक खुर्ची आणि मागं दुसरं टेबल लावा. वजन खाली ओढलं की वळण बिघडतं आणि दोष फूटला.

शहापूरची_सुई
डाव्या हाताचं भारीच सांगितलंत. आणखी एक, दोन लाटा उलट सुलट एकमेकींना छेदून संत्र्याच्या सालीसारखी नक्षी दिसते ती वॉकिंग फूटनं होते का? त्यात गोल तर लहान दिसतात.

टिळकवाडी_टाके
होते आणि ती पाकळी-पाकळी शिवायची नसते, हीच गंमत आहे. पाच-सहा इंचाची चौकट आखा. आडव्या रेघेवरून चालताना पहिल्या घरात रेघेच्या वर कमान, दुसऱ्या घरात रेघेच्या खाली कमान, परत वर, परत खाली, असं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच लांब लाट. मग त्याच रेघेवर परत त्याच कडेकडून उलटी लाट, जिथं वर होती तिथं खाली. दोन लाटांमध्ये पाकळ्या तयार. सगळ्या आडव्या रेघा झाल्या की उभ्या रेघांवरही असंच. शेवटी बघणाऱ्याला वाटतं तुम्ही शेकडो गोल शिवले, खरं तर एकही शिवला नाही. ओळंबा चुकला तर पाकळी चौकाच्या कोपऱ्यात मिळत नाही, म्हणून चौकट मात्र आखूनच घ्या, अंदाजपंचे नको.

निपाणीची_अक्का
चौकटीपेक्षा लहान कमान आखायला पेढ्याच्या डब्याचं झाकण घे. बेळगावात कुंद्याचा डबापण चालंल, आधी रिकामा कर म्हणजे झालं.

शहापूरची_सुई
अक्का 😀 बेत पक्का केला, मधोमध चक्री, बाहेर लाटा, आणि कडेला एक पाकळ्यांची ओळ. सुरुवात आणि शेवट कसा बंद करायचा, रिव्हर्स मारू का?

मशीनमामा_खानापूर
रिव्हर्स नको. वॉकिंग फूट मागं चालायला केलेला नाही, वरचे दाते एकीकडं खालचे दुसरीकडं होतात, गठ्ठा होतो. वाकळीच्या कडेला सुरू केलं तर काहीच बंद करायला नको, पट्टी लावताना टाके आत दबतात. मधे सुरू करायचं असलं तर पहिले पाचसहा टाके अगदी बारीक, एकच्या आसपास, टाका. नाहीतर दोरा वीतभर सोडा, खालचा दोरा वर ओढून घ्या, गाठ मारून हातसुईनं फायबरमध्ये घालवून टाका. चक्रीच्या मध्यात मी हेच सांगेन, बारीक टाक्यांचा गोळा तिथं दिसतो.

चिकोडीची_सूनबाई
ती सळी वेगळी विकत घ्यावी लागते का? आणि डावीकडे लागते का? टाके ताई म्हणाल्या मध्य डावीकडे, मग आधीचा फेरापण डावीकडेच येणार ना.

टिळकवाडी_टाके
बरोबर ओळखलंत. फूटच्या डब्यात बहुतेक एक वाकवलेली सळी मिळतेच, लोक ती पिशवीतच विसरतात. डब्यात नसेल तर सुटी मिळते. फूटच्या मागं भोक असतं, त्यात डावीकडून किंवा उजवीकडून घालता येते, फक्त वाकवलेलं टोक खाली कापडाकडं पाहिजे. काही फूटमध्ये ती सैल बसते आणि शिवताना हळूहळू सरकते, तशी असेल तर सळीला सेलोटेपचा एक वेढा द्या आणि मग भोकात घाला, घट्ट बसते.

शहापूरची_सुई
माझ्या डब्यात आहे! मी ती केबलबिबल अडकवायची असेल म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेली. रविवारी लाईट राहिली तर चक्री सुरू करते, फोटो टाकते.